सण कोणाच्या खांद्यावर?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खिरीचे वाटप झाले आणि बायामंडळी सतरंज्या गोळा करू लागली. तेवढ्यात वस्तीतली नववीत शिकणारी एक मुलगी मोबाईल घेऊन आमच्यापाशी आली. म्हणाली, "काका, हे बघा. हे जपान आहे."

पडद्यावर बर्फ पडत होता. अंगभर भाताचा पेंढा गुंडाळलेली, लाल-निळे भयंकर मुखवटे घातलेली दोन-तीन माणसे हातात सुरा घेऊन एका घरात शिरली होती. घरातले लहान पोर आजोबांच्या गळ्याला मिठी मारून किंचाळत होते आणि मोठी माणसे चक्क हसत होती.

"काका, जपान बौद्ध देश आहे ना? मग ही अंधश्रद्धाच नाही का?"

वाचक बंधू-भगिनींनो, प्रश्न सरळ होता. अंधश्रद्धेवर आम्ही आजवर बरीच भाषणे ठोकली आहेत. पण या पोरीला काय सांगावे ते सुचेना. "बघून सांगतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. ऑफिसात कारकून 'बघून सांगतो' म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, हे आपणा सर्वांना चांगले ठाऊक आहे. पण पोरीला तसे फसवणे बरे नव्हे. म्हणून ग्रंथालयातून पुस्तके आणली, मुलाकडून मोबाईलवर काही माहिती काढून घेतली आणि महिनाभर रात्री जेवणानंतर वाचत बसलो. आम्ही जपान पाहिलेला नाही, आमच्या पगारात तो दिसण्याची शक्यताही नाही. तरी जे वाचले ते त्या मुलीच्या निमित्ताने आपल्यापुढे ठेवीत आहोत.

बर्फाचा आणि भाताचा मुलूख

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नागपूरचेच होऊन गेलेले भन्ते सुरेई ससाई येतात, किंवा जपानी उपासिकेच्या दानातून कामठीला उभा राहिलेला ड्रॅगन पॅलेस येतो. नाहीतर मग टोकियोच्या उंच इमारती आणि वाऱ्याच्या वेगाने धावणाऱ्या गाड्या. पण जपानच्या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा भाग निराळा आहे. त्याला तोहोकू म्हणतात. ओमोरी, इवाते, अकिता, मियागी, यामागाता आणि फुकुशिमा असे सहा जिल्हे त्यात येतात. जिल्हा म्हटले तरी आपल्या जिल्ह्यापेक्षा त्यांचा कारभार मोठा असतो.

हा भाग भाताचा, मासेमारीचा आणि बर्फाचा. जपानच्या समुद्राकडील बाजूस हिवाळ्यात माणसाच्या उंचीचे बर्फ पडते. उन्हाळ्यात थंड वारे सुटले की भात पोसत नाही आणि दुष्काळ पडतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस अशाच दुष्काळात इथे लाखो माणसे मेली. अलीकडे १९३४ साली पीक बुडाले, तेव्हा कर्जापायी शेतकऱ्यांनी पोटच्या मुली विकल्या, अशी नोंद आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपान श्रीमंत होऊ लागला, तेव्हा इथले शेतकरी हिवाळाभर टोकियोला जाऊन रस्ते, बोगदे, इमारती यांवर बिगारी करीत. आज टोकियोत जे दिसते, त्यात या लोकांचा घाम आहे. कोकणातला चाकरमानी जसा सणाला गावी धावतो, तसेच हे लोक वर्षाच्या अखेरीस आणि ऑगस्टमध्ये गावी धावत.

म्हणजे हे सण राजवाड्यातले नव्हेत. राबणाऱ्या माणसाच्या घरातले आहेत. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचे समजायला सोपे जाते.

दारात आलेला पाहुणा

मुलीने दाखविलेला प्रकार अकिता जिल्ह्यातल्या ओगा नावाच्या भूशिरावरचा. त्याचे नाव नामाहागे. नाव ऐकून मुलांनी हसू नये, त्याचा अर्थ मोठा मार्मिक आहे. हिवाळ्यात कामधंदा सोडून चुलीपाशी शेकत बसले की अंगावर चट्टे उठतात. त्या चट्ट्यांना तिकडच्या बोलीत 'नामोमी' म्हणतात. ते सोलून काढणारा तो नामाहागे. आळशाची खोड मोडणारा, असे समजा ना! हातातला सुरा त्यासाठी. तो लाकडाचा असतो.

३१ डिसेंबरच्या रात्री गावातले तरुण हा वेष घेऊन घरोघर फिरतात. 'रडकी पोरे आहेत का घरात? आळशी सून आहे का?' अशा आरोळ्या देतात. ऐकायला हे दंडेलीचे वाटते. पण आम्ही वाचत गेलो तसे कळले की या दंडेलीला कडक नियम आहेत.

नामाहागे परस्पर घरात घुसत नाही. त्याच्यापुढे गावचा एक माणूस येतो आणि घरधन्याला विचारतो की, आत येऊ द्यायचे का? ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, बाळंतीण असेल किंवा आजारपण असेल, त्या घरात जात नाहीत. शिनझान नावाच्या वस्तीत आत शिरताना ७ वेळा पाय आपटायचे, ताटावर बसण्याआधी ५ वेळा आणि उठताना ३ वेळा, असा हिशेब आहे. घरधनी अंगात ठेवणीतला पोशाख घालून त्याला बसवतो, तांदळाची दारू आणि चिकट भात कुटून केलेले गोळे पुढे ठेवतो. मग वाटाघाटी सुरू होतात.

आणि इथे आम्हाला गंमत वाटली. नामाहागेजवळ एक वही असते! घरातल्या प्रत्येकाच्या वर्षभराच्या वागण्याची त्यात नोंद असते. पोरगा अभ्यास करीत नाही, सूनबाई सकाळी लवकर उठत नाही, असे तो वाचून दाखवितो. घरधनी सांगतो, नाही हो, आमची सून चांगली आहे, पोरगाही मदत करतो. म्हणजे वर्षभर ज्या सासऱ्याने सुनेचे कौतुक केले नसेल, त्याला त्या रात्री राक्षसापुढे सुनेची बाजू घ्यावी लागते. वीस वर्षे रजिस्टरे लिहिली, पण असा उपयोग होणारे रजिस्टर आम्ही पाहिले नाही.

मग हे चांगले की वाईट? आम्हाला दोन्ही बाजू दिसतात. गावातल्या प्रत्येक घरात वर्षातून एकदा गावची माणसे जातात, घरात कोण आहे, कोण आजारी, कोण बाहेरगावी, हे सर्वांना कळते. हिवाळ्यात बर्फाने रस्ता अडलेल्या खेड्यात याची किंमत मोठी. पण सुनेलाच आळशी म्हणून धमकावायचे, हे पुरुषांच्या सोयीचे झाले. आणि एवढ्याशा लेकराला घाबरवणे आमच्या मनाला पटत नाही. तिथल्या लोकांनाही हा प्रश्न पडलेला आहे, आणि काही ठिकाणी तान्ह्या मुलांच्या घरी हळू वागतात. २०१८ साली युनेस्कोने जपानभरच्या अशा १० प्रथांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात नामाहागे आहे.

मोग्गलानाची आई आणि आजीची गोधडी

आता मुलीच्या प्रश्नातल्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येऊ. जपान बौद्ध आहे, पण तिथे जुने देवही आहेत. बहुतेक घरांत दोन्ही नांदतात. नामाहागे जुन्या देवांच्या बाजूचा. पण ऑगस्टमध्ये येणारा 'ओबोन' हा सण बौद्ध मुळाचा आहे, आणि त्याची कथा आपल्या ओळखीच्या माणसाची आहे.

भगवान बुद्धांचे दोन अग्रश्रावक, सारिपुत्त आणि मोग्गलान, आपल्याला माहीत आहेत. जपानी लोक मोग्गलानांना मोकुरेन म्हणतात. तिकडची कथा अशी की, मोग्गलानांना आपली मृत आई भुकेने तळमळताना दिसली. त्यांनी अन्न दिले, पण ते तिच्या तोंडाशी जाताच पेटले. ते रडत बुद्धांकडे गेले. बुद्धांनी सांगितले, हे तुझ्या एकट्याच्याने होणार नाही. वर्षावास संपेल त्या दिवशी साऱ्या संघाला दान दे, सर्वांच्या बळाने ती सुटेल. तसे झाले, आणि आनंदाने मोग्गलान नाचू लागले, अशी लोककथा सांगते. तोच हा ओबोनचा नाच. हे सूत्र पाली त्रिपिटकात नाही, ते चिनी भाषेतून जपानला गेले. मेलेल्या आईला अन्न पोचते, हे आम्ही मानीत नाही. परंतु एकट्याने होत नाही, सगळ्यांनी मिळून होते, हा त्या कथेतला गाभा कुणाही बौद्धाला पटेल असा आहे.

उत्तरेकडे हा सण १३ ते १६ ऑगस्टच्या सुमारास असतो. शहरात कामाला गेलेली मुले घरी येतात, थडगी धुतात, फुले ठेवतात, दारात छोटा विस्तव पेटवून पूर्वजांचे स्वागत करतात. पुष्कळ घरांत काकडीला चार काड्या टोचून घोडा करतात आणि वांग्याला काड्या टोचून बैल करतात. घोडा कशाला? तर गेलेल्यांनी लवकर घरी यावे. आणि बैल? जाताना सावकाश जावे. यात विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका. पण आपले गेलेले माणूस सावकाश जावे असे ज्याला वाटले, त्याच्या मनातली कळ आपल्याला कळते.

अकिता जिल्ह्यात उगो नावाच्या गावात १६ ते १८ ऑगस्ट या तीन रात्री निशिमोनाईचा नाच होतो. रस्त्यावर विस्तव पेटतात आणि नाचणाऱ्यांचे चेहरे झाकलेले असतात. कुणी कपाळावरून खाली उतरलेली टोपी घालतो, कुणी डोळ्यांपुरती भोके असलेला काळा बुरखा. त्यामुळे जिवंत कोण आणि गेलेला कोण, ते ओळखू येत नाही असे म्हणतात. त्यातल्या बायकांचा पोशाख मात्र पाहण्यासारखा. घरातल्या जुन्या रेशमी कपड्यांचे तुकडे जोडून तो शिवतात. आजीच्या कपड्याचा तुकडा, पणजीच्या कपड्याचा तुकडा. आई तो मुलीला देते. आमच्या घरात आईच्या लुगड्यांची गोधडी आहे. ती पांघरली की आम्हाला झोप लागते. जपानी बाई तीच गोधडी अंगात घालून नाचते, एवढाच काय तो फरक!

भिक्षेकऱ्याचे वाद्य

लोककला म्हटले की सरकारी समारंभात सत्कार होतात, हारतुरे होतात. पण ती जन्माला कुठे आली हे कुणी विचारीत नाही. म्हणून एका माणसाची गोष्ट सांगतो.

ओमोरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात १९१० साली एक मुलगा जन्मला. लहानपणी गोवर निघाला आणि दृष्टी जवळजवळ गेली. त्या काळी गरिबाच्या आंधळ्या मुलाला दोनच वाटा. कुणाच्या दारी पडून राहायचे किंवा दारोदार वाजवून मागायचे. हा मुलगा एका आंधळ्या वादकाकडे शिकला आणि शामिसेन हे तीन तारांचे वाद्य घेऊन गावोगाव फिरू लागला. बर्फात एखाद्या दारापुढे उभे राहायचे, वाजवायचे, ओंजळभर तांदूळ मिळाले तर पुढे जायचे. अशा वादकांना लोक भिकारीच समजत, हिडीसफिडीस करीत. वारा आणि बर्फ यांच्या आवाजावर आपला आवाज चढला पाहिजे, म्हणून ते तारेवर जोराने आघात करीत. त्यातून एक जबरदस्त वादनपद्धती तयार झाली. तिला त्सुगारू शामिसेन म्हणतात.

या माणसाचे नाव ताकाहाशी चिकुझान. पुढे १९७० नंतर टोकियोतले कॉलेजचे तरुण त्यांचे वादन ऐकायला गर्दी करू लागले. १९७७ साली त्यांच्या आयुष्यावर चित्रपट निघाला. १९९८ साली ते वारले. आज त्सुगारू शामिसेन ही साऱ्या जपानच्या अभिमानाची गोष्ट आहे. ज्याच्या तोंडावर दार आपटले, त्याचेच वाद्य आता दिवाणखान्यात वाजते. आपल्या वाचकांना यावर अधिक सांगायची गरज नाही.

लाटेनंतरचा ढोल

११ मार्च २०११ रोजी उत्तर जपानच्या पूर्व किनाऱ्यावर भूकंप झाला आणि त्यामागून समुद्राची लाट आली. मेलेले आणि बेपत्ता मिळून १८ हजारांवर माणसे गेली. मियागी जिल्ह्यातले मिनामिसान्रिकू हे गाव जवळजवळ पुसले गेले.

या गावच्या मितोबे वस्तीत हरणाचा नाच आहे. आठ जण डोक्यावर शिंगे असलेला मुखवटा आणि कमरेला ढोल बांधून, पाठीला बांबूच्या उंच पांढऱ्या काठ्या लावून नाचतात. हा नाच गेलेल्यांच्या स्मरणार्थ असतो. तिथे १७२४ साली उभी केलेली एक शिळा आहे. तिच्यावर कोरले आहे की, कारणांनी घडलेल्या सर्व वस्तुमात्रांसाठी हे नृत्य अर्पण केले आहे. ते शब्द बौद्ध आहेत. आपण पालीत ज्याला 'संखार' म्हणतो तेच. 'सगळे संखार अनिच्च आहेत', हे आपण विहारात दर पौर्णिमेला ऐकतो. तिथल्या शेतकऱ्यांनी तीनशे वर्षांपूर्वी ते दगडावर कोरले आणि त्यावर नाच बसवला. माणसांसाठीच नव्हे, जनावरांसाठी, झाडांसाठी, जे जे होऊन जाते त्या सर्वांसाठी.

लाटेत ढोल, कपडे, मुखवटे सगळे वाहून गेले. मागाहून ढिगाऱ्यांत शोधताना त्यातले काही सापडले. चिखल धुऊन ते वाळवले आणि निवारा-छावणीत मुलांनी तो नाच केला. घर नाही, शाळा नाही, कित्येकांची माणसे सापडलेली नाहीत, आणि पोरे ढोल बांधून उभी राहिली. हा नाच त्या मुलांना आधीपासून शाळेत शिकवला जात होता. शिकवला होता म्हणून त्या दिवशी तो उभा राहिला. शिकवलाच नसता, तर ढिगाऱ्यात सापडलेला ढोल नुसते लाकूड-कातडे ठरला असता.

हजार वर्षांनंतर थांबलेला उत्सव

आता दुसरी बाजू. इवाते जिल्ह्यात ओशू इथे कोकुसेकीजी नावाचे जुने बौद्ध मंदिर आहे. तिथे ८६२ सालची भैषज्यगुरू बुद्धांची लाकडी मूर्ती आहे. या मंदिरात ऐन थंडीत सोमिनसाई नावाचा उत्सव होई. केवळ लंगोट नेसलेले शेकडो पुरुष नदीचे गार पाणी अंगावर घेत, मशाली घेऊन डोंगरावर चढत आणि शेवटी ताईत भरलेल्या एका थैलीसाठी झोंबाझोंबी करीत. रोगराई टळावी, पीक यावे म्हणून हे सारे. हजार वर्षांहून अधिक काळ ही प्रथा चालली असे सांगतात.

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी हा उत्सव शेवटचा झाला. बंदी कुणी घातली नाही, पैसा संपला नाही, बघ्यांचीही वाण नव्हती. परंतु त्याची तयारी मंदिराशी बांधलेली काही मोजकी कुटुंबे करीत. डोंगरावरून लाकूड तोडून आणायचे, ताईत घडवायचे, रात्रभर राबायचे. ती माणसे म्हातारी झाली आणि पुढे कुणी उरले नाही. तेव्हा मंदिराने ठरवले की, अर्धवट काही करण्यापेक्षा नीट निरोप द्यावा. प्रार्थना चालू राहील, उत्सव थांबेल.

आम्ही हे वाचले आणि बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. पाहायला हजारो येतात, पण लाकूड तोडायला दहा येत नाहीत, तर उत्सव टिकत नाही. अकिता जिल्ह्याची लोकसंख्या २०१७ साली १० लाखांखाली गेली आणि घसरतच आहे. दर पाच माणसांत जवळजवळ दोन पासष्टीच्या पुढची आहेत. नामाहागे होण्याचा मान पूर्वी बिनलग्नाच्या तरुणांचा होता. आता लग्न झालेले, पन्नाशी उलटलेले बाप्ये पेंढा अंगावर घेतात, कुठे बाहेरून आलेल्यांना बोलावतात, आणि कित्येक वस्त्यांत तर नामाहागे येतच नाही. घाबरायला गावात पोर नाही आणि घाबरवायला तरुण नाही.

मुलीला दिलेले उत्तर

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. आम्ही तिला म्हणालो, "बाळ, एखादी प्रथा पाहिलीस की आधी अंधश्रद्धा म्हणून शिक्का मारू नकोस, आणि परंपरा म्हणून हातही जोडू नकोस. तीन प्रश्न विचार. हिच्यामुळे कुणाची मान खाली जाते का? हिच्यासाठी राबते कोण? आणि ही थांबली तर माणसे एकमेकांपासून दूर जातील का?" ज्या प्रथेने माणसाची मान खाली जाते ती टाकावी, त्यात हळहळण्यासारखे काही नाही. आपल्या वाडवडिलांनी तशा कितीतरी टाकल्या. पण ज्यात माणूस माणसाच्या दारात जातो, गेलेल्याची आठवण काढतो, चार जण मिळून ढोल वाजवतात, ते जपण्यासारखे आहे. जपायचे म्हणजे टाळ्या वाजवायच्या नव्हे, खांदा द्यायचा.

मुलगी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "काका, आपल्या विहारात ते आजोबा जुनी जलशाची गाणी म्हणतात, ती कुणाला येतात?"

आम्ही गप्प झालो. आमच्या वस्तीत ती गाणी येणारी आता दोनच माणसे उरली आहेत. एक पंचाहत्तरचे, दुसरे ऐंशीला टेकलेले. दोघांचीही गाणी कुठे लिहिलेली नाहीत. ढोलकी विहाराच्या माळ्यावर आहे, तिची पुडी फाटून दोन वर्षे झाली. आम्ही कमिटीवर आहोत, तरी ती दुरुस्त करून घेतली नाही. हा दोष आमचा.

या वेळी आम्ही 'बघून सांगतो' म्हणालो नाही. ढोलकी माळ्यावरून काढून दुरुस्तीला दिली आहे. येत्या रविवारी दुपारी चार वाजता ते आजोबा विहारात बसणार आहेत. मुलगी दोनशे पानी वही घेऊन येणार आहे, आणि तिच्या बरोबरीच्या मुलामुलींनाही आणणार आहे. आपल्या वस्तीतही असे एखादे आजोबा, एखादी आजी असेल. दळताना म्हटलेल्या ओव्या असतील, पाळणे असतील, जलशातली गाणी असतील. रविवारची टीव्हीवरची एक मालिका बुडाली तर फार नुकसान होणार नाही. एक वही घ्या आणि त्यांच्यापाशी जाऊन बसा.